पैनगंगेचा शरद, कागदावर

वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकाशेजारी या सत्रात माझ्या सात प्रिंट्स लागल्या होत्या. सगळ्या पैनगंगेच्या, सगळ्या आश्विन-कार्तिकातल्या. बघणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले होते. पहिला, "ही नदी नक्की कुठली?" आणि दुसरा, "वर 'ऑटम' लिहिलंय, मग फोटो एवढे फिके का?" पहिल्याचं उत्तर दोन वाक्यांत संपतं. दुसऱ्याला लेख लागतो, आणि संपादकांनी तो मागितला, त्यामुळे आता वाचा.

आधी पहिलं उत्तर. मी आदिलाबाद जिल्ह्यातला, जैनद मंडलातल्या एका गावचा. तेलंगणात तालुक्याला मंडल म्हणतात. आमच्या घरी मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वर थोडी हिंदी. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. पैनगंगा बुलढाण्याकडच्या अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, हिंगोली, नांदेड, यवतमाळ असं करत आमच्याकडे येते, बऱ्याच अंतरापर्यंत महाराष्ट्र आणि तेलंगणाची हद्द होऊन वाहते आणि पुढे चंद्रपूरजवळ वढा इथे वर्धा नदीला मिळते. नागपूर-हैदराबाद रस्त्याने, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४ ने कधी गेला असाल तर डोलाऱ्याच्या पुलावरून ती ओलांडली असेल. बहुतेक लोक तेव्हा मोबाइलमध्ये बघत असतात.

आता 'फिके का'. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात एक चित्र आधीच असतं. लालभडक कडे, त्यांच्या मधून वळत गेलेलं निळं-हिरवं पाणी आणि काठाला पिवळ्याधमक झाडांची रांग. हॉटेलच्या लॉबीत, दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, लॅपटॉपच्या वॉलपेपरवर ते आपण शेकडो वेळा पाहिलंय. हे चित्र अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटातलं आहे, कोलोरॅडो आणि तिला मिळणाऱ्या ग्रीन, एस्कलांटे या नद्यांच्या काठचं. तिथे ते खोटं नाही. त्या कोरड्या मुलखात नदीच्या ओलीवर जगणारं कॉटनवूड नावाचं झाड असतं. ऑक्टोबरमध्ये दिवस लहान होतो, रात्री गार पडतात, पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासूनच पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मागे तांबडा वालुकाश्म, वर कोरडं निळं आकाश. फोटोग्राफरने काही न करताही तो फोटो भडकच येतो.

आपण इंग्रजीच्या पेपरात 'ऑटम'चं मराठी 'शरद' लिहितो आणि गुण मिळवतो. पण शरद म्हणजे पानगळ नव्हे. आपली पानगळ शिशिरात. आदिलाबादच्या जंगलातला साग ऑक्टोबरात चांगला हिरवा असतो, तो झडायला लागतो थंडी मुरल्यावर, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगल खराटा झालेलं असताना पळस पेटतो. म्हणजे त्यांच्या एका ऋतूत जे दोन प्रकार एकदम होतात, थंडीची चाहूल आणि रंगलेली पानं, ते आपल्याकडे तीन-चार महिन्यांच्या अंतराने होतात. तरी इन्स्टाग्रामवर आमच्या जिल्ह्याचे 'ऑटम व्हाइब्स' बघा. कुंतलाचा धबधबा, आणि भोवतीचं सगळं हिरवं रान स्लायडर ओढून नारिंगी केलेलं! मला त्यात नैतिक आक्षेप वगैरे नाही. फक्त, त्या फोटोत कुंतला उरत नाही.

मग शरदात बदलतं काय? पाणी. आणि ते कसं बदलतं हे समजलं की फोटो कुठे उभं राहून काढायचा आणि कोणत्या कागदावर छापायचा, दोन्ही सुटतं, म्हणून जरा इथे थांबू.

पावसाळ्यात पैनगंगा चहासारखी असते, कधी कधी सरळ शाईसारखी. आमची जमीन काळी, कापसाची. तिच्यातली चिकणमाती इतकी बारीक की पावसाच्या पाण्याबरोबर ती शेतातून नाल्यात, नाल्यातून नदीत येते आणि पाणी पळतं आहे तोवर तळाला बसतच नाही. पाऊस थांबला की वरून येणारं गढूळ पाणी थांबतं. त्यानंतर नदीत जे वाहतं ते मुख्यतः जमिनीत मुरलेलं, खालून झिरपत आलेलं पाणी, आणि ते मातीतून गाळूनच आलेलं असतं. वेग कमी झाल्यामुळे राहिलेला गाळही बसतो. मराठीत याला नेमका शब्द आहे, निवळणं. निवळीचं बी उगाळून घातल्यावर घागरीतलं पाणी जसं स्वच्छ होतं, तसं अख्ख्या नदीचं होतं. कालिदासाने 'ऋतुसंहारा'त शरदाला वेगळा सर्ग दिला आहे. त्यातलं निवळलेलं पाणी आणि नदीकाठचं पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत, ज्याला तो काश म्हणतो, हे दोन्ही आमच्या नदीवर आजही दिसतं. संस्कृतच्या तासाला हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पाणी निवळलं की तळ दिसतो आणि पाणी उतरलं की वाळवंट उघडं पडतं. 'वाळवंट' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. एक सहारा-थरचं वाळवंट, दुसरं नदीचं. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी जमतात तेव्हा कोणी उंट शोधत नाही. नदीच्या पात्रातली ही उघडी वाळू दख्खनच्या नद्यांना दरवर्षी लाभते, कारण त्या चार महिने खातात आणि आठ महिने त्यावर काढतात. त्या अर्थाने पैनगंगाही वाळवंटातली नदीच, फक्त वाळवंट तिच्या पोटात आहे. दसऱ्याच्या सुमारास त्याची पहिली कड दिसते, ओली आणि गडद. दिवाळीपर्यंत वरची वाळू वाळून फिकट होते आणि मधे ओल्या-कोरड्याची एक रेघ पडते. माझ्या सातपैकी चार फोटोंचा विषय ही रेघ आहे. "फोटोत काहीच नाहीये" असं ज्या मित्राने सांगितलं, त्याचं म्हणणं मला समजतं, पण मान्य नाही.

आणि दगड. आदिलाबादच्या भागात दोन जातींचा खडक भेटतो. एक दख्खनचा नेहमीचा काळा बसाल्ट. दुसरा त्याच्यापेक्षा कितीतरी जुना, पातळ थरांचा चुनखडक, राखाडी, काळसर, कुठे जांभळट. भूशास्त्रज्ञांनी या जुन्या थरांच्या समूहाला पैनगंगेचंच नाव दिलंय आणि त्याचं वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास धरतात. आदिलाबादला सिमेंटचा कारखाना उभा राहिला तो याच दगडामुळे. पात्रात हा दगड वह्यांची चळत कलंडल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात तो पाण्याखाली, उन्हाळ्यात धुळीने माखलेला. ओला आणि स्वच्छ असा तो शरदातच मिळतो, आणि ओला असतानाच त्याचा जांभळा रंग कळतो.

रंग मागणाऱ्यांसाठी सांगतो, पिवळासुद्धा आहे आमच्याकडे. तो तुरीच्या फुलांचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काठावरच्या शेतात कापसाची बोंडं फुटलेली असतात आणि मधल्या तासांत तूर फुललेली. पण हा पिवळा ठिपक्यांचा आहे, कॉटनवूडसारखा अंगावर येणारा नाही. दूर उभं राहून वाइड लेन्सने काढला तर हिरव्यात विरघळून जातो.

आता उजेड. आदिलाबाद तेलंगणातल्या सगळ्यात थंड जागांपैकी एक. कार्तिकात पहाटेची हवा गार आणि नदीचं पाणी अजून त्या मानाने कोमट, त्यामुळे पाण्यावरून वाफ उठते आणि धुक्याचा थर कमरेएवढ्या उंचीवर लोंबत राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या मधे उगवतो. उगवल्यावर पाऊण तासात खेळ खलास. म्हणजे घरून पाचला निघावं लागतं. इथे एक व्यवहाराची सूचना. पलीकडे पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचं अभयारण्य आहे, तिथल्या वाघांना राज्यांची हद्द माहीत नाही आणि ते नदी ओलांडून आमच्या बाजूला, भीमपूर-तामसीकडे येत असतात. त्या दिवसांत कापूस वेचणाऱ्या बायकासुद्धा घोळक्याने जातात. तुम्ही ट्रायपॉड घेऊन एकटे शूर होऊ नका.

धुकं ओसरलं की दुसरा प्रश्न येतो, पाण्यावरचं आकाश दाखवायचं की पाण्याखालचे दगड? डोळा दोन्ही आलटून पालटून बघतो, कॅमेऱ्याला निवड करावी लागते. यासाठी पोलरायझर नावाचा फिल्टर असतो. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश एका दिशेत कंप पावणारा होतो, आणि फिल्टर फिरवला की तो अडवता येतो. सगळ्यात जास्त तो अडतो जेव्हा तुमची नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करते. म्हणजे पायांपासून दीड-दोन मीटरवरचं पाणी काचेसारखं होतं, दूरच्या पाण्यात आकाश तसंच राहतं. फिल्टर पूर्ण फिरवून सगळी चमक मारून टाकली तर पाणी आहे की नाही तेच कळत नाही, दगड कोरडे पडल्यासारखे वाटतात. मी साधारण अर्ध्यावर थांबतो. मोबाइलवालेही हा फिल्टर हाताने लेन्ससमोर धरू शकतात, महाग नसलेला पोलरॉइड गॉगलही चालतो. करून पाहा.

धबधब्याचं मी मुद्दामच थोडक्यात सांगतो. नेरडीगोंडा मंडलातला कुंतला, कडम नदीवरचा, सुमारे ४५ मीटरचा, तेलंगणातला सगळ्यात उंच धबधबा म्हणून ओळखला जातो आणि शरदात तो भरलेला असतो. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवून पाण्याचं रेशीम करायचं की अडीचशेव्या भागात थेंब गोठवायचे यावर नेटवर ढीगभर सल्ले आहेत. मी एवढंच म्हणेन की तिथले दगड फार निसरडे आहेत आणि त्या डोहात माणसं गेली आहेत. वरून काढा.

इथवर फोटो झाला. प्रिंट नाही झाली.

स्क्रीनवर फोटो बघताना उजेड तुमच्या डोळ्यात फेकला जातो, कागद मात्र खोलीतला उजेड परत करतो. स्क्रीनच्या सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातलं प्रमाण हजाराला एक किंवा त्याहून जास्त असतं. चांगल्या ग्लॉसी कागदावर ते दोनशेला एकच्या आसपास येतं, मॅट कागदावर त्याहून बरंच कमी, पन्नासच्या आतबाहेर. म्हणून पहिली प्रिंट हातात आली की सगळ्यांची एकच तक्रार असते, "काळी आली". मशीनला दोष देण्याआधी आपला स्क्रीन बघावा. आपण ब्राइटनेस शंभरावर ठेवून एडिट करतो, त्या झगमगाटाला फोटो काळोखा वाटत नाही. ब्राइटनेस उतरवा, शेजारी एक कोरा पांढरा कागद धरा, आणि खिडकीच्या उजेडात तो कागद आणि स्क्रीनवरचा पांढरा सारखे दिसतील इथवर आणा. मग एडिट करा. या एका गोष्टीने निम्म्या प्रिंट्स वाचतात, खर्च शून्य.

दुसरी गोष्ट साइझची. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. बारा-अठराची प्रिंट हवी तर ३६०० गुणिले ५४००, म्हणजे एकोणीस-वीस मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेलमधूनही दहा बाय तेरा इंच नीट निघते, कापला-छाटला नसेल तर. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोची प्रिंट मागू नका. ज्याने तो पाठवला त्याच्याकडून मूळ फाइल मागा.

आता लॅब. तालुक्याच्या गावापासून मुंबईपर्यंत जवळपास प्रत्येक फोटो लॅब लग्नाच्या अल्बमवर जगते. तिथली मशीन्स माणसाच्या चेहऱ्याचा रंग डोळ्यासमोर ठेवून लावलेली असतात. फाइल गेली की सॉफ्टवेअर आपणहून उजळ करतं, कॉन्ट्रास्ट वाढवतं, निळसरपणा काढून टाकतं. नवरीसाठी हे उत्तम. धुक्यातल्या नदीसाठी सत्यानाश. कारण पहाटेचं धुकं निळसर राखाडीच असतं. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये एका लॅबने ते हळदीच्या समारंभासारखं करून दिलं होतं. मी विचारलं तर ऑपरेटर म्हणाला, "भैया, फोटो डल होता, मी ब्राइट करून दिला. जास्तीचे पैसे नाही घेतले." माणूस मनाने चांगला होता. दुसऱ्या वेळी मी फाइल एसआरजीबीमध्ये दिली, "नो करेक्शन" असं तोंडी सांगितलं आणि पेनड्राइव्हच्या फोल्डरलाही तेच नाव दिलं. बारा-अठरा काढण्याआधी चार-सहाची एक चाचणी प्रिंट काढून ती ट्यूबलाइटखाली न बघता दाराबाहेर उजेडात नेऊन बघितली. एवढं केलं की साध्या लॅबमध्येही काम होतं.

प्रदर्शनातल्या सातपैकी तीन मात्र मी इंकजेटवर, पिगमेंट शाईने काढून घेतल्या, कारण कागद निवडायचा होता. धुक्याच्या दोन फोटोंना मी मॅट, शंभर टक्के कापसाचा कागद घेतला. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाच्या तंतूंचा असतो, आणि ज्या काठावर कापूस वेचला जातो त्या काठाचं धुकं कापसावर छापलं गेलं याची मला थोडी गंमत वाटली. पण कारण ते नव्हतं. मॅट कागदावर काळा रंग खोल जात नाही, करडे मात्र हळू उतरतात, आणि धुक्यात काळं असतंच कुठे? उलट ओल्या चुनखडकाच्या फोटोला तोच कागद लावला तर दगड पाटीच्या पेन्सिलीने घासल्यासारखा झाला. तिथे बराइटा, म्हणजे किंचित चमक असलेला कागद लागला, तेव्हा जांभळा वर आला. कुठला कागद भारी असा प्रश्नच नसतो. फोटोत सगळ्यात गडद काय आहे आणि ते किती गडद असायला हवं, एवढं बघायचं.

"फिके का" याचं उत्तर मला वाटतं आता बरंचसं आलं. ती नदी त्या महिन्यात तशीच असते. पण ते तसंच ठेवण्यावर मी एवढा अडून का बसलो, याला अजून एक कारण आहे.

एलियट पोर्टर नावाचा अमेरिकन फोटोग्राफर होता, शिक्षणाने डॉक्टर. १९६० पासून तो कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यनमध्ये जात राहिला. तेव्हा खाली धरण बांधलं जात होतं. १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, पाणी चढू लागलं, आणि त्याच वर्षी सिएरा क्लबने त्याचं पुस्तक काढलं, नावाचा अर्थ होतो 'कुणालाच माहीत नसलेली जागा'. वाळवंटातल्या नदीचे ते रंगीत फोटो ज्या जागांचे होते, त्यांतल्या कितीतरी पुस्तक हातात येईपर्यंत पाण्याखाली जाऊ लागल्या होत्या. पोर्टर आपल्या प्रिंट्स स्वतः काढायचा, डाय ट्रान्सफर नावाच्या पद्धतीने. निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंग वेगवेगळे एकावर एक उतरवायचे, एका चांगल्या प्रिंटसाठी दिवस घालवायचे. कोडॅकने १९९० च्या दशकात ते साहित्यच बंद केलं. त्याच्या फोटोतलं पाणी कधी सोनेरी, कधी निळं दिसतं आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ते बनावट वाटतं. पण त्यामागे साधं कारण आहे. सावलीतल्या पाण्यात समोरच्या उन्हातल्या तांबड्या कड्याचं प्रतिबिंब पडतं ते सोनेरी, वरच्या आकाशाचं पडतं ते निळं. कडा आहे म्हणून सोनं आहे. आमच्या काठाला कडा नाही, काळ्या मातीची दरड आहे. तिचं प्रतिबिंब तपकिरी पडतं, आणि मी ते तपकिरीच छापतो.

पण पोर्टरची आठवण मला रंगामुळे झाली नाही. पैनगंगेवर आता चनाका-कोरटा इथे बॅरेज उभा आहे, चनाका यवतमाळ जिल्ह्यात, कोरटा आमच्या बाजूला. २३ ऑगस्ट २०१६ रोजी महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यात जे करार झाले त्यांत हा एक होता. आदिलाबाद जिल्ह्यातली पन्नास हजार एकरांच्या आसपास जमीन त्यातून भिजवायची योजना आहे. बॅरेजचं काम असं चालतं की पुरात दरवाजे वर, पूर ओसरला की खाली. म्हणजे पाणी अडवायचं ते नेमकं शरदात. ज्या महिन्यात नदी उतरायची, वाळवंटाची कड दाखवायची, चुनखडक उघडा करायची, त्या महिन्यात बॅरेजच्या वरच्या बाजूला पाणी तुंबून सपाट उभं राहणार. माझ्या सातपैकी दोन प्रिंट्स त्या पट्ट्यातल्या आहेत.

मला हे होऊ नये असं म्हणायचं नाही. आमची पंधरा एकर कोरडवाहू आहे. बोंडं धरताना एक पाणी मिळालं असतं तर, हे वाक्य मी लहानपणापासून दर दिवाळीला ऐकत आलोय. घरी कोणाला विचारलं की नदी आहे तशी राहावी का, तर ते मलाच वेड्यात काढतील आणि त्यांचं बरोबर असेल. ग्लेन कॅन्यनची तुलना इथे लंगडी पडते. ते धरण प्रचंड, दरी रिकामी करून बुडवलेली. आमचा बॅरेज नदीच्या पात्रातच पाणी उभं करतो. पण बुडालेल्या वाळवंटाचं काही तरी कागदावर असावं, आणि जे असेल ते नारिंगी केलेलं नसावं, एवढं मला वाटतं. ग्लेन कॅन्यनमध्ये अलीकडच्या दुष्काळी वर्षांत पाणी खाली गेलं आणि बुडालेले काही भाग परत वर आले. तेव्हा ते आधी कसे होते हे बघायला लोकांनी जुने फोटो उघडले. त्यावेळी रंग खरे असल्याचा उपयोग झाला असणारच.

प्रदर्शन संपल्यावर प्रिंट्स मी गावी नेल्या. मोठेबाबांनी ओल्या-कोरड्या रेघेचा फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे आपल्या मोटरीपाशी होय ना? रेघ इतक्या खाली गेली म्हणजे दिवाई होऊन गेलती. कोणत्या सालची हाय?" मी साल सांगितलं. "त्या साली परतीचा पाऊस नव्हताच आला," ते म्हणाले, आणि पुढे कापसाच्या भावावर गेले. कॉलेजात कोणी विचारलं नव्हतं ते त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

त्यामुळे आता प्रत्येक प्रिंटच्या मागे मी मऊ पेन्सिलीने लिहितो. शाई किंवा बॉलपेन वापरू नये, ती पुढच्या बाजूला उमटते. तारीख, वेळ, गावाचं नाव, नदीचा कुठला काठ, कॅमेरा कोणत्या दिशेला होता, आणि शेवटचा पाऊस होऊन किती दिवस झाले होते. दरवाजे वर होते की खाली, हे मी यंदापासून लिहायला सुरुवात केली आहे. फ्रेम करायची असेल तर कागद आणि काच यांच्यामधे माउंट बोर्ड हवाच, नाहीतर मुंबईच्या दमटपणात प्रिंट काचेला चिकटते. मागे साधा हार्डबोर्ड लावू देऊ नका, दोन-चार वर्षांत कडा पिवळ्या पडतात. फ्रेमवाला म्हणेल काही होत नाही. आम्लविरहित बोर्ड मागा, आणि मागची पेन्सिलीची नोंद झाकली जाणार असेल तर तीच नोंद फ्रेमच्या मागेही एका चिठ्ठीवर डकवा.